तीव्र नैराश्यात ईसीटी घ्यायची का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डॉक्टर ‘ईसीटीचा विचार करू या’ म्हणतात. ईसीटी म्हणजे इलेक्ट्रोकन्व्हल्सिव्ह थेरपी, भूल देऊन डोक्याला थोडी वीज द्यायचा उपचार. घरी पोचेपर्यंत त्याचं ‘शॉक देणार म्हणे’ होतं आणि मग रात्रभर कुणाचा डोळा लागत नाही. ती रात्र काढताना आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरांसमोर बसताना हाताशी असावीत म्हणून ही उत्तरं. विषय तीव्र नैराश्यापुरताच आहे. स्किझोफ्रेनिया आणि उन्मादातही ईसीटी वापरतात, पण तिथलं गणित निराळं आहे.

ईसीटीत नेमकं काय करतात?

पेशंटला भूल देतात, स्नायू सैल करणारं औषध देतात आणि मग डोक्याला काही सेकंद विजेची अगदी छोटी-छोटी स्पंदनं देऊन मेंदूत एक आकडी घडवून आणतात. गुण येतो तो आकडीमुळे. वीज फक्त ती सुरू करण्यापुरती. आजच्या यंत्रात प्रवाह साधारण ०.८ ते ०.९ अँपिअर, एकेक स्पंदन मिलिसेकंदाच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि सगळं मिळून जास्तीत जास्त आठेक सेकंद. मात्रा व्होल्टमध्ये नव्हे, मिलिकूलोममध्ये मोजतात. फाईलवर ‘mC’ अशी अक्षरं दिसली तर ती हीच मात्रा.

हा उपचार १९३८ साली रोममध्ये उगो चेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी सुरू केला. तेव्हा भूल नव्हती, स्नायू सैल करायचं औषध नव्हतं. अख्खं शरीर झटके खायचं, मणके पिचायचे, दात तुटायचे. लोकांच्या मनातलं आणि सिनेमातलं चित्र त्या काळातलं आहे. भीती खोटी नव्हती, पण ज्या पद्धतीची ती भीती होती ती पद्धत आता भारतात कायद्याने बंद आहे.

कुणाला सुचवतात? साध्या नैराश्यातही देतात का?

साध्या नैराश्यात नाही. नोकरी गेली, घरात वाद आहेत, जवळचं माणूस गेलं आणि मन लागत नाही, यावर ईसीटी हा उपाय नव्हे. वर्षानुवर्षं रेंगाळणारी सौम्य उदासी आणि मूळ स्वभावातून येणारी अस्वस्थता यांनाही तिचा फारसा उपयोग होत नाही. अशा वेळी कुणी घाईने ईसीटी सुचवली तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत जरूर घ्या.

आम्ही घरच्यांना एकच प्रश्न आधी विचारायला सांगतो: आपल्याकडे किती दिवस आहेत? नैराश्याची गोळी काम करायला लागेपर्यंत तीन-चार आठवडे सहज जातात. पेशंटने अन्नपाणी सोडलंय, लघवी कमी झालीय, वजन उतरत चाललंय, तर तेवढे आठवडे हातात नसतात. आत्महत्येचा विचार ठाम आहे, एकदा प्रयत्न झालाय आणि पुन्हा होईल अशी चिन्हं आहेत, तेव्हाही नसतात. कॅटाटोनियात तर मुळीच नसतात. त्यात माणूस बोलत नाही, हलत नाही, हात वर केला तर तसाच धरून ठेवतो, घास तोंडात तसाच राहतो.

दुसरा गट भ्रमासह आलेल्या नैराश्याचा. ‘माझी आतडी सडली आहेत’, ‘माझ्या पापामुळे घर बुडणार’, ‘पोलीस मला न्यायला येताहेत’ असं पेशंट पूर्ण खात्रीने सांगतो. घरचे समजूत घालून थकतात, कुणी बाहेरचं बघायला घेऊन जातं, आणि त्यात महिना निघून जातो. ईसीटीचा सर्वांत चांगला गुण ज्यांना येतो, त्यांत हे पेशंट आहेत. बाळंतपणानंतरचं तीव्र नैराश्य, औषधं न सोसणारे वयस्कर पेशंट आणि आधीच्या आजारात ईसीटीने बरे झालेले, यांनाही ती लवकर सुचवतात.

तिसरा गट औषधांनी गुण न आलेल्यांचा.

औषधं बदलून बघावीत की ईसीटी घ्यावी?

आधी दिलेली औषधं खरोखर ‘पुरेशी’ होती का, ते तपासा. पुरेशी म्हणजे पूर्ण मात्रेत, न चुकवता, किमान सहा ते आठ आठवडे. अर्ध्या गोळीवर दोन महिने काढून ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणणं बरोबर नाही. जुन्या चिठ्ठ्या काढा आणि तारखांसकट यादी करा: औषध, मात्रा, किती दिवस, का थांबवलं. थायरॉइड आणि बी-१२ तपासून झालंय का, दारू चालू आहे का, हेही त्यात लिहा.

अशी दोन औषधं झाली तरी गुण नाही, तर हिशेब बदलतो. अमेरिकेतल्या स्टार-डी या मोठ्या अभ्यासात तिसऱ्या आणि चौथ्या पायरीवरच्या औषधाने पूर्ण बरे होणाऱ्यांचं प्रमाण १३ ते १४ टक्क्यांवर आलं होतं, म्हणजे सात-आठांत एक. आजार सौम्य असेल तर तेवढ्यावरही प्रयत्न करता येतो. पेशंटला अंथरुणातून उठवत नसेल, तर तिसरं आणि चौथं औषध म्हणजे आणखी चार महिने तशाच अवस्थेत काढणं. नैराश्य जितकं जुनं होतं तितका ईसीटीचा गुणही कमी होत जातो. म्हणून तिला ‘शेवटचा उपाय’ म्हणून दूर ढकलत राहणं आम्हाला पटत नाही.

गुण किती येतो आणि कधी दिसतो?

तीव्र नैराश्यात वेगवेगळ्या अभ्यासांत साधारण १०० पैकी ५० ते ८० जणांना ठळक गुण आला आहे. भ्रम असलेले, हालचाल मंदावलेले आणि वय जास्त असलेले पेशंट वरच्या टोकाला. अनेक वर्षांचा आजार आणि बरीच औषधं हरलेले खालच्या टोकाला. २००३ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्यात खऱ्या ईसीटीची तुलना नुसती भूल देऊन वीज न दिलेल्या पेशंटशी केली होती. खरी ईसीटी स्पष्टपणे सरस ठरली.

पहिला फरक बहुधा दोन ते चार सेशननंतर दिसतो, आणि तो पेशंटच्या आधी घरच्यांना दिसतो. आजी स्वतःहून चहा मागते. बाबा पहाटे तीनऐवजी पाचला जागे होतात. ‘बरं वाटतंय का?’ विचारलं तर उत्तर मात्र ‘नाही’ असंच येतं. मनातली निराशा सगळ्यात शेवटी हटते.

नेमका हाच काळ धोक्याचा असतो. अंगात ताकद आली पण मरणाचा विचार गेलेला नाही, अशी दोन-तीन आठवड्यांची फट पडते. घरातली फवारणीची औषधं, उंदराचं औषध, गोळ्यांचा साठा कुलपात ठेवा. ‘आता खूपच सुधारणा आहे’ म्हणून या दिवसांत पेशंटला शेतावर किंवा विहिरीकडे एकटं पाठवू नका.

किती सेशन लागतात?

बहुतेकांना ६ ते १२, आठवड्यातून दोन किंवा तीन. आकडा आधी ठरवून ठेवत नाहीत; दर आठवड्याला मोजपट्टीवर लक्षणं मोजून पुढचं ठरतं. सहा सेशननंतर काहीच हललं नसेल तर इलेक्ट्रोडची, म्हणजे डोक्याला वीज पोचवणाऱ्या चकत्यांची, जागा किंवा मात्रा बदलतात. डोक्याच्या दोन्ही बाजूंनी, योग्य मात्रेत आठ-दहा देऊनही फरक नसेल तर थांबणं योग्य. उलट तिसऱ्या-चौथ्या सेशनला छान वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. अर्धवट कोर्सनंतर आजार भराभर उलटतो.

आधी कोणत्या तपासण्या होतात?

रक्ताची साधी तपासणी, साखर, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, ईसीजी, बहुतेक ठिकाणी छातीचा एक्स-रे, भूलतज्ज्ञांची तपासणी. डोक्यात गाठ किंवा दाब वाढल्याची शंका असेल तर डोळ्याचा पडदा पाहतात आणि स्कॅन करतात. हलणारे दात, कवळी, पूर्वीचं हाडाचं फ्रॅक्चर यांची नोंद होते.

तीन गोष्टी मात्र घरच्यांनी न विचारता, स्वतःहून सांगायच्या.

पहिली, कीटकनाशक. पेशंटने गेल्या काही आठवड्यांत फवारणीचं औषध प्यायलं होतं का? ऑर्गनोफॉस्फेट गटातलं विष रक्तातलं कोलिनेस्टरेझ नावाचं एन्झाइम निकामी करतं. ईसीटीत स्नायू सैल करायला देतात ते सक्सामेथोनियम याच एन्झाइमने विरघळतं. एन्झाइम कमी असेल तर पाच-दहा मिनिटांत उतरणारा परिणाम तासन्‌तास टिकतो, पेशंटला स्वतःहून श्वास घेता येत नाही आणि व्हेंटिलेटर लागू शकतो. विदर्भ-मराठवाड्यात हा नुसता पुस्तकी मुद्दा नाही. ईसीटीची सर्वांत जास्त गरज असलेला पेशंट बऱ्याचदा विष प्यायल्यानंतरच दाखल झालेला असतो. एका रक्ततपासणीने एन्झाइमची पातळी कळते, आणि ती कमी असेल तर भूलतज्ज्ञ स्नायू सैल करायला दुसरं औषध निवडतात. पोलिसांच्या किंवा नातेवाइकांच्या भीतीने ‘चक्कर येऊन पडले होते’ असं सांगू नका. हाच दोष काही घराण्यांत जन्मजात असतो, म्हणून रक्ताच्या नात्यात कुणाला ऑपरेशननंतर श्वास यायला फार वेळ लागला होता का, तेही आठवून सांगा.

दुसरी, भाजणं आणि दीर्घकाळ पडून राहणं. मोठ्या भाजण्यानंतर किंवा आठवडेच्या आठवडे न हलता पडून राहिलेल्या पेशंटमध्ये तेच सक्सामेथोनियम रक्तातलं पोटॅशियम एकदम वाढवू शकतं, आणि त्याने हृदयाची लय बिघडते. पडून राहिलेल्याच्या पायात रक्ताची गुठळीही असू शकते. एक पाय सुजलेला किंवा दुखरा वाटत असेल तर आधी दाखवा.

तिसरी, चालू असलेली सगळी औषधं, काढे आणि व्यसनं. झोपेच्या गोळ्या आणि फिटची औषधं आकडीला अडवतात. लिथियम हे मनाचे चढउतार आवरणारं औषध चालू असेल तर नंतरचा गोंधळ वाढू शकतो, म्हणून ते कमी करतात किंवा मागेपुढे करतात. पण यातलं काहीही मनाने बंद करू नका. झोपेची गोळी रोज घेणाऱ्याने ती एकदम तोडली तर भलत्याच वेळी फिट येऊ शकते.

आदल्या रात्री आणि त्या दिवशी सकाळी काय पाळायचं?

जेवण किमान सहा ते आठ तास आधी. साधं पाणी, भूलतज्ज्ञांची परवानगी असेल तर, दोन तास आधीपर्यंत. चहा आणि दूध म्हणजे पाणी नव्हे. ‘उपाशी आहे बिचारी, दोन बिस्किटं दिली’ ही सगळ्यात जास्त वेळा घडणारी चूक. त्या दिवसाचं सेशन रद्द होतं, आणि सांगितलंच नाही तर भुलेत उलटी होऊन अन्न फुप्फुसात जाऊ शकतं. रक्तदाबाची सकाळची गोळी बहुतेक वेळा घोटभर पाण्याबरोबर द्यायची असते, मधुमेहाची थांबवायची असते. दोन्ही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

आदल्या दिवशी केस धुवा आणि त्यानंतर तेल लावू नका. तेलकट त्वचेवर इलेक्ट्रोडचा संपर्क नीट होत नाही. नेलपॉलिश काढा, कारण बोटाला ऑक्सिजन मोजणारी चिमटी लावायची असते. मंगळसूत्र, नथ, कानातलं, कवळी, चष्मा काढून घरच्यांकडे द्या. आत जाण्याआधी लघवीला जाऊन या. मासिक पाळी असेल तर अडचण नाही.

आत काय घडतं?

हातात सलाइनची सुई, छातीवर ईसीजीच्या पट्ट्या, दंडाला बीपीचा पट्टा. लाळ आणि नाडी सांभाळायला अ‍ॅट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट देतात. मग थायोपेंटोन किंवा प्रोपोफॉल. अर्ध्या-एक मिनिटात पेशंट झोपतो. त्यानंतर सक्सामेथोनियम, वजनाच्या दर किलोला साधारण ०.५ ते १ मिलिग्रॅम. ते देण्याआधी एका पायाला घोट्याच्या वर बीपीचा दुसरा पट्टा घट्ट फुगवतात, म्हणजे औषध त्या पावलापर्यंत पोचत नाही. सगळं अंग सैल पडतं, दातांमध्ये रबराचा ठोकळा बसवतात, मास्कने ऑक्सिजन देतात आणि बटण दाबलं जातं.

बाहेर बसलेल्यांच्या कल्पनेतली झटापट इथे नसते. जबडा क्षणभर आवळतो, पापण्या थरथरतात, आणि पट्टा बांधलेल्या त्या एका पावलाचा अंगठा ठरावीक लयीत हलत राहतो. शेजारी उभे डॉक्टर घड्याळ लावून तोच मोजत असतात. बहुतेकदा २५ ते ६० सेकंदांत अंगठा थांबतो. यंत्रातून निघणाऱ्या कागदावर मेंदूच्या लहरी आणखी काही सेकंद उसळतात आणि मग एकदम सपाट होतात. पाच-दहा मिनिटांत श्वास परत येतो. अर्ध्या ते एक तासात पेशंट नाव, ठिकाण, वार सांगू लागतो, मग चहा मिळतो.

इलेक्ट्रोड एका बाजूला की दोन्ही बाजूंना?

हा प्रश्न फार थोडे लोक विचारतात, आणि तो विचारायलाच हवा. दोन्ही कानशिलांवर इलेक्ट्रोड लावले तर गुण लवकर आणि खात्रीचा, पण विसरभोळेपणा जास्त. फक्त उजव्या बाजूला, म्हणजे उजवं कानशील आणि टाळूच्या जरा उजवीकडे लावले, तर स्मरणशक्तीला झळ कमी. मात्र मग मात्रा आकडी येण्याच्या किमान पातळीच्या पाच-सहापट लागते. दोन्ही बाजूंना दीड ते अडीचपट पुरते. किमान पातळी माणसागणिक बदलते, वयानुसार वाढते, पुरुषांत जास्त असते. म्हणून पहिल्या सेशनला थोड्या-थोड्या मात्रेने ती शोधतात, किंवा वयावरून अंदाज बांधतात. जिवाला धोका असेल तर आम्ही दोन्ही बाजूंच्या पद्धतीकडे झुकतो. वेळ असेल आणि पेशंटचं रोजचं काम स्मरणशक्तीवर चालत असेल, तर उजवीकडून सुरुवात करा असं सुचवतो.

आठवणी जातात का? खरं सांगा.

जातात, काही अंशी. किती आणि कोणत्या, ते समजून घ्या.

सेशननंतर पहिला तास गोंधळ असतो. कोर्स चालू असताना नवं लक्षात राहत नाही: सकाळी कोण भेटून गेलं, गोळी घेतली की नाही, तोच प्रश्न तीनदा. हे कोर्स संपल्यावर दोन ते चार आठवड्यांत सुधारतं. २०१० साली अनेक अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात असं दिसलं की चाचण्यांवर मोजलेली बुद्धी आणि स्मृती १५ दिवसांनंतर आधीच्या पातळीला येते, काही बाबतींत आधीपेक्षा चांगली होते. कारण नैराश्यही लक्ष आणि स्मृती खातच असतं.

पण चाचणीत न मोजली जाणारी एक गोष्ट आहे: आयुष्यातल्या आठवणी. उपचाराच्या काळातले आणि त्याआधीच्या काही आठवड्यांतले, क्वचित महिन्यांतले प्रसंग पुसट होतात किंवा कायमचे जातात. दिवाळी कशी झाली, भाचीच्या लग्नात आपण होतो का. २००३ साली ब्रिटनमध्ये पेशंटांच्या स्वतःच्या सांगण्यावर आधारलेल्या आढाव्यात २९ ते ५५ टक्के लोकांनी टिकून राहिलेल्या विस्मरणाची तक्रार नोंदवली होती. ‘काही होत नाही हो’ म्हणून हे झटकणाऱ्या डॉक्टरशी आम्ही सहमत नाही. पेशंट बरा झाला तरी ती गेलेली दिवाळी त्याची स्वतःची होती. शाळा, भाषा, हातातलं कसब, माणसं ओळखणं हे मात्र जात नाही.

तयारी करता येते. कोर्स सुरू होण्याआधी मोबाईलचा पॅटर्न, यूपीआय आणि एटीएमचा पिन, लॉकरची चावी आणि कागदपत्रांची जागा, कुणाला किती देणं-घेणं आहे हे विश्वासातल्या माणसाजवळ लिहून ठेवा. पिन तीनदा चुकून खातं अडकलं की पेशंटला वाटतं आपलं डोकंच गेलं, आणि जरा सावरलेलं मन पुन्हा खचतं. रोज चार ओळींची वही ठेवा, घरच्यांनी लिहिली तरी चालेल. कोर्सभर आणि नंतर दोन आठवडे गाडी किंवा ट्रॅक्टर चालवू नये, खरेदीखत, कर्ज, वाटणीपत्र यांवर सही करू नये. गोंधळ एका सेशनकडून दुसऱ्याकडे वाढतच गेला तर सांगा. दोन सेशनमधलं अंतर वाढवता येतं, एका बाजूच्या पद्धतीवर जाता येतं.

मेंदूला इजा होते का?

स्कॅनवर आणि रक्ततपासण्यांत पेशी मेल्याचा पुरावा सापडलेला नाही. उलट कोर्सनंतर हिप्पोकॅम्पस या भागाचं आकारमान किंचित वाढलेलं दिसतं. मेंदूतल्या कोणत्या बदलामुळे नेमका गुण येतो, याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही.

जिवाला धोका?

अनेक देशांतली आकडेवारी एकत्र केली तेव्हा एक लाख सेशनमागे साधारण दोन मृत्यू असं प्रमाण आलं. म्हणजे धोका छोट्या भुलेइतकाच. त्यातला बहुतेक हृदय आणि श्वासाशी जोडलेला, म्हणून हृदयविकार असेल तर हृदयतज्ज्ञांचं मत आधी घ्यायचं. कायमची मनाई अशी कुणालाच नाही, पण नुकताच आलेला हार्ट अटॅक किंवा पक्षाघात, मेंदूतली दाब वाढवणारी गाठ, रक्तवाहिनीचा फुगा असेल तर जोखीम बरीच वाढते. पेसमेकर असला तरी काळजी घेऊन देता येते. गरोदरपणातही देतात; विसाव्या आठवड्यानंतर पेशंटला डाव्या कुशीकडे कलतं ठेवतात आणि बाळाचे ठोके आधी आणि नंतर पाहतात.

नेहमीचे त्रास बरेच साधे. डोकेदुखी, मळमळ, पहिल्या सेशननंतर व्यायाम केल्यासारखं अंग दुखणं. पॅरासिटामॉल पुरते. काही पेशंट नैराश्यातून थेट उन्मादात जातात: झोप दोन तास, बोलणं थांबत नाही, खर्च सुरू. हा ‘जास्तच छान झाला’ असा प्रकार नव्हे, लगेच कळवा.

‘आज फिट नीट आली नाही’ म्हणतात, म्हणजे काय?

आकडी १५ सेकंदांहून लहान राहिली किंवा आलीच नाही. कारणं बहुधा साधी: आदल्या रात्री झोपेची गोळी दिली गेली, भुलेचं औषध जास्त पडलं, इलेक्ट्रोड नीट टेकला नाही, मात्रा कमी पडली. मिनिटभर भरपूर ऑक्सिजन देऊन, मात्रा वाढवून त्याच भुलेत पुन्हा प्रयत्न करतात. कोर्स पुढे जाईल तशी किमान पातळी चढते, म्हणून सहाव्या-सातव्या सेशनला मात्रा वाढवावी लागणं अपेक्षितच आहे. ‘आजार वाढला’ असा त्याचा अर्थ नाही. उलट आकडी दोन मिनिटांच्या पुढे गेली तर मिडॅझोलॅम किंवा तत्सम औषधाने ती थांबवतात.

संमती कुणाची लागते?

पेशंटची. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे, पेशंटला माहिती समजते, तिचा विचार करता येतो आणि निर्णय सांगता येतो, तर ‘हो’ किंवा ‘नाही’ त्याचंच. कॅटाटोनियासारख्या अवस्थेत ती क्षमता तात्पुरती नसेल तर नामनिर्देशित प्रतिनिधी (पेशंटने आधी नेमलेला किंवा कायद्याने ठरणारा माणूस) संमती देतो, आणि क्षमता परत आली की पेशंटला पुन्हा विचारावं लागतं. संमती एकदा दिली म्हणजे बांधलं गेलो असं नाही, चौथ्या सेशननंतरही ती मागे घेता येते.

आणखी तीन तरतुदी लक्षात ठेवा. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता ईसीटी देण्यास मनाई आहे. कुणी ‘डायरेक्ट’ देतो, स्वस्तात पडेल असं सांगितलं तर तिथून उठून या. १८ वर्षांखालच्या मुलाला द्यायची असेल तर पालकांच्या संमतीबरोबर मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची आगाऊ परवानगी लागते. आणि आणीबाणीत नेहमीच्या प्रक्रियेशिवाय जे ७२ तासांपर्यंतचे उपचार देता येतात, त्यांत ईसीटी बसत नाही. म्हणून मध्यरात्री ‘आत्ताच द्या’ म्हणून डॉक्टरांवर जोर करू नका. आधी रीतसर दाखल करून घेणं, तपासण्या, संमती.

केटामिन किंवा टीएमएस घेतलं तर ईसीटी टळेल का?

काहींची टळेल. केटामिन हे मुळात भुलेचं औषध, नैराश्यात ते कमी मात्रेत देतात. टीएमएसमध्ये डोक्याबाहेरून चुंबकीय स्पंदनांनी मेंदूला चालना देतात. २०२३ साली अमेरिकेत भ्रम नसलेल्या, औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यात केटामिन आणि ईसीटीची तुलना झाली. केटामिनने ५५ टक्के आणि ईसीटीने ४१ टक्के लोकांना गुण आला. स्वीडनमध्ये दवाखान्यात दाखल असलेल्या, जास्त गंभीर पेशंटांत उलटं दिसलं: पूर्ण बरे झालेले ईसीटीने ६३ टक्के, केटामिनने ४६. दोन्ही आकडे खरे आहेत, पेशंट वेगळे होते. बाह्यरुग्ण विभागात चालत येणारा, खाणारा-पिणारा, भ्रम नसलेला पेशंट असेल तर केटामिनबद्दल जरूर विचारा. टीएमएसमध्ये भूल नाही, विस्मरण नाही, पण आठवड्यातून पाच दिवस असं चार ते सहा आठवडे जावं लागतं. अन्न सोडलेल्या किंवा भ्रम असलेल्या पेशंटला त्यावर थांबवू नये.

कुठे मिळते आणि खर्च?

महाराष्ट्रात येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, गोव्यात बांबोळीला मनोरुग्णालय आहे. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या मानसोपचार विभागातही चौकशी करा. खासगीत ‘एका सेशनचे किती’ एवढंच विचारू नका. त्यात भूलतज्ज्ञ, औषधं, खोली आणि तपासण्या धरल्या आहेत का, ते विचारा. आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरायचं, असं याच कायद्यात आहे. तरी दाखल होण्याआधी कंपनीकडून लेखी मंजुरी घ्या. कुठे जावं हेच कळत नसेल किंवा रात्री-अपरात्री पेशंट मरणाचं बोलत असेल तर टेलिमानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीत बोलता येतं.

बरं वाटलं. आता औषधं बंद?

नाही. घरोघरी सर्वांत मोठी चूक इथेच होते. ईसीटी आजार उतरवते, पण पुन्हा चढू नये याची तजवीज तिच्यात नाही. २००१ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात ईसीटीने बरे झालेल्यांना पुढे नुसत्या दिखाऊ गोळ्या दिल्या, तेव्हा सहा महिन्यांत ८४ टक्के लोकांचा आजार परतला. नॉरट्रिप्टिलिन या नैराश्याच्या औषधावर ६० टक्के, नॉरट्रिप्टिलिन आणि लिथियम दोन्ही दिलेल्यांत ३९. म्हणजे औषधं घेऊनही दहातले चार. ‘शॉक दिले, आता मुळापासून गेलं’ असं समजून गोळ्या सोडणाऱ्याचं काय होणार, ते याच आकड्यांत आहे.

म्हणून शेवटच्या सेशनच्या आधीच पुढची योजना लिहून मागा: कोणतं औषध, किती महिने, रक्ततपासणी कधी, पहिली भेट किती दिवसांनी. ती भेट आठवड्याभरात हवी. ज्यांचा आजार औषधांवरही उलटतो त्यांना पुढे विरळ ईसीटी देतात, आधी आठवड्याला एक, मग पंधरवड्याला, मग महिन्याला.

आजार परतला तर पुन्हा घेता येते का?

येते, आणि एकदा गुण आलेल्याला पुन्हा येण्याची शक्यता चांगली असते. आयुष्यभरात इतक्याच असा कोटा नाही. प्रत्येकाच्या आजाराची परतीची खूण ठरलेली असते: कुणाची झोप पहाटे मोडू लागते, कुणी अंघोळ टाळतं, कुणी फोन उचलत नाही. ती खूण घरात सगळ्यांना माहीत असू द्या, आणि दिसली की आठवडाभर वाट न बघता दाखवा.

घरी जाताना डिस्चार्ज कार्डावर एवढं लिहून घ्या: एकूण किती सेशन, इलेक्ट्रोडची जागा, शेवटची मात्रा, आकडी किती सेकंद, भुलेचं कोणतं औषध किती दिलं, कितव्या सेशनला फरक दिसला, गोंधळ किती राहिला. कायद्याने स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मागायचा हक्क तुम्हाला आहे. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघांच्या मोबाईलमध्ये असावा. पुढच्या वेळी डॉक्टर वेगळे असतील, गाव वेगळं असेल, आणि पेशंट सांगण्याच्या स्थितीत नसेल.